पडीक म्हणे!

माझ्या मैदानाला कोणी पडीक म्हटलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी जे केलं त्याचं कोणाला नवल वाटायला नको.

आमचं शहर लहान. नगरपालिकेच्या उद्यान विभागाची मी प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, तर पाच बागा, एक पोहण्याचा तलाव, एक बॅडमिंटनचा हॉल आणि एक मैदान एवढ्यांची आई. झोपाळ्याची कडी कुरकुरली, तलावाचं पाणी गढूळ झालं, हॉलच्या पत्र्यावर शटल अडकलं, कोणी बाकावर आपलं आणि तिचं नाव कोरलं, की फोन मलाच. लोक मला बागवाल्या बाई म्हणतात. बागा सगळ्या गोजिरवाण्या आहेत, पण जीव माझा त्या मैदानावर. बाजाराच्या मागं, चारी बाजूंनी घरं आणि मधे ही मोकळी जागा, भोवती कुंपण आणि एकच गेट. गवताची काडी नाही. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत पोरं तिथं धावतात, लोळतात, आपटतात. गवत बिचारं उगवणार कधी? सगळं गाव त्याला ‘टकलं’ म्हणतं. आमच्या ह्यांच्याही डोक्यावर केस नाहीत. त्यामुळं “घरातलं टक्कल सांभाळू की बाहेरचं?” हा माझा नेहमीचा विनोद, आणि सासूबाईंना तो मुळीच आवडत नाही.

तर नवे मुख्याधिकारी आले. माणूस हुशार, कपडे कडक इस्त्रीचे, पण आयुष्यात कधी मातीत मांडी घालून बसला नसावा. साहेबांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं की वरून पाहणी पथक येणार आहे, आणि ज्या जागेवर हिरवळ नाही ती जागा पडीक धरली जाईल. पडीक जागेचं काय करायचं तेही ठरूनच गेलं होतं. बाजारातल्या दुकानदारांना गाड्या लावायला जागा हवी होती.

“साहेब, तिथं गवत नाही, कारण तिथं पोरं आहेत,” मी म्हटलं.

“बाई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण नियमात पोरांचं काही नाही. हिरवळीचं आहे.”

“मग नियम चुकलाय.”

“नियम कसा चुकेल?” असं म्हणून त्यांनी पुढचा विषय घेतला. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्यावर खाली जमिनीवर काय चाललंय ते कशाला दिसतंय!

मी परत आले ती धुमसतच. आमच्या माळ्यांचे जे मुकादम आहेत त्यांना सगळे मामा म्हणतात, मीसुद्धा. मामांना सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, “मैदान गेलं तर या खुर्चीत बसायची मला लाज वाटेल.” मामांनी ते मनावर घेतलं. माळी माणूस तो, गवत हवं म्हटल्यावर त्याच्या डोक्यात एकच उत्तर येणार. तलावाची मोटर बिघडली म्हणून मी तिकडं अडकले होते. तेवढ्यात मामांनी सगळी माणसं जमवून मैदान खणलं, नगरपालिकेच्या दारासमोरच्या लॉनमधले थोडे थोडे तुकडे उचलून आणून लावले, पाणी दिलं आणि गेटला हे एवढं थोरलं कुलूप ठोकलं.

“घ्या बाई,” किल्ली माझ्या टेबलावर ठेवत ते म्हणाले. “आता कोण पडीक म्हणतो ते बघू.”

इतक्या मायेनं म्हणाले की मला ओरडता येईना. आणि खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं. पाहणी होईपर्यंत कळ सोसायची, मग कुलूप काढायचं, एवढंच ना? गवतानं मूळ धरलं, हिरवंगार झालं. टकल्याला केस आले म्हणून मी ह्यांना मुद्दाम दाखवायला घेऊन गेले. हे कुंपणापाशी उभे राहिले आणि म्हणाले, “छान आहे गं. पण इथं एवढं शांत का आहे?”

मला राग आला. कौतुक करावं तर ते नाही!

पण दुसऱ्याच दिवशी बाजाराच्या रस्त्यानं चालले होते, तर पोरं तिथं फुटबॉल खेळत होती. भर रस्त्यात, टेम्पो आणि स्कूटरींच्या मधे. गोलात उभी होती शिंप्याची मुलगी. तिला सगळे ‘भिंत’ म्हणतात, कारण तिला चुकवून बॉल पलीकडं जातच नाही. बॉल एका टेम्पोखाली गेला आणि ही त्याच्या मागोमाग सरपटत आत. टेम्पो नुकताच हलला होता. मी जिवाच्या आकांतानं किंचाळले. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, खाली उतरून सगळ्यांच्या नावानं शिव्या घातल्या. भिंत बॉल पोटाशी धरून बाहेर आली. कोपर सोलवटलं होतं.

मी तिचा दंड धरला. “मरायचंय का गं तुला? रस्त्यावर कशाला खेळता?”

“मग कुठं खेळू?” ती म्हणाली. “मैदानात आता गवत राहतं.”

कोणी थोबाडीत मारावी तसं झालं मला. कुलपाची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती.

तशीच साहेबांकडं गेले. म्हटलं, पाहणी संपली की त्याच दिवशी मैदान उघडणार.

“उघडायचं कशाला?” साहेब चकित झाले. “इतकी सुंदर हिरवळ! उलट बोर्ड लावू, ‘गवतावर चालू नये’. पाहणी काय एकदाच नसते बाई, दरवर्षी आहे.”

“आणि पोरं?”

“येऊ देत की बघायला. कुंपणाबाहेरून.”

भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली. गवत नसलं तर मैदान गाड्यांना, आणि गवत असलं तर गवताला. पोरांना कुठूनही नाहीच! हा कुठला न्याय?

घरी आले आणि भांडी आपटायला लागले. सासूबाईंनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं.

“बाई बाई!” त्या म्हणाल्या. “म्हणजे ताट वाढायचं, वर झाकण घालायचं आणि पोराला म्हणायचं बघ किती छान वाढलंय. आता काय करणार आहेस?”

“गेट काढणार आहे. कुलूप नाही, अख्खं गेट.”

“मग काढ. माझ्या मुलाला विचारत बसू नकोस, तो घाबरट आहे.”

आतून ह्यांचा आवाज आला, “मी ऐकतोय हं!”

पाहणीच्या दिवशी सकाळी मी वेल्डरला घेऊन मैदानावर गेले. मामा आधीच पाणी घालत उभे होते. त्यांच्या तोंडाकडं बघून माझा पाय अडखळला. “मामा, तुमचं गवत जाणार. मला माफ करा.”

मामांनी गवताकडं पाहिलं, वेल्डरकडं पाहिलं, पाइप खाली टाकला आणि गेटचा एक कोपरा धरला. “उचला तिकडून,” म्हणाले.

गेट निघालं आणि पोरं आत घुसली. पथकाची गाडी आली तेव्हा चिखल उडत होता, गवताचे तुकडे हवेत होते, आणि भिंत गोलात आडवी पडून बॉल अडवत होती. साहेबांचा चेहरा लालेलाल झाला.

“बाई, हे काय चाललंय?”

“खेळ.”

“अहो, ही जागा पडीक धरतील आता!”

मग मात्र माझा तोल सुटला. पथक नाही पाहिलं, काही नाही पाहिलं. “पडीक? पडीक म्हणजे जी नुसती पडून राहिलीय ती! ही जागा एक दिवस तरी पडून राहिलीय का? इथं पोरं पडतात साहेब. पडतात, रडतात, उठतात, परत पडतात. पडून असतं ते तुमच्या दारातलं लॉन. तिथं साधी मुंगी कधी पडली नाही!”

पथकातल्या एकाला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. बाकीच्यांनी जे लिहायचं ते लिहिलं. पडीकच लिहिलं, मी वाकून वाचलं. मैदानाचं पार्किंग करायचा विषय आता नगरपालिकेच्या सभेपुढं जाणार होता.

“गेट ताबडतोब बसवा,” साहेब म्हणाले.

“बसवते की. आधी पोरं बाहेर काढून दाखवा.”

त्यांनी काढून पाहिली नाहीत. दुसऱ्या दिवशी मलाच काढलं. उद्यान विभागातून उचललं आणि जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत नेऊन बसवलं. तळमजला, जिन्याखालची खोली, वारा नाही. बाई तिथं बसून थंड होईल असं त्यांना वाटलं असावं. मी मुळीच थंड झाले नाही. मामा गेट अजून बसवत नाहीत. साहेबांनी विचारलं की सांगतात, रंगवायला दिलंय, रंग वाळला नाही.

आणि माझ्या खिडकीत रोज नवे आईबाप येतात. डोळे तारवटलेले, खांद्यावर दुपटं, तोंडभर आनंद. दाखला हातात देताना मी विचारते, “हे चालायला लागलं की खेळणार कुठं?” सुरुवातीला सगळे हसतात. मग मी टकल्याची गोष्ट सांगते आणि हसायचे थांबतात. एक बाप तर रांग सोडून तसाच मैदान बघायला गेला, दाखला इथंच विसरून.

सभा येत्या सोमवारी आहे. ती सगळ्यांना खुली असते. मी प्रत्येकाला वेळ सांगितली आहे आणि येताना बाळाला घेऊनच या असं बजावलं आहे. साहेब “शांतता राखा” म्हणतील. म्हणू देत. एवढी तान्ही पोरं हुकूम देऊन गप्प बसवणारा माणूस मलाही एकदा बघायचाच आहे.