काळ्या डागाची पाने

मित्रांनो, मी एक जुना काळा डाग आहे. भरतीला बुडणाऱ्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या एका खडकावर मी राहतो. कुणाला मी सांडलेले डांबर वाटतो, कुणाला बोटीचे तेल. खरे तर मी जिवंत शैवाल आहे. तळहाताएवढा व्हायला मला बारा वर्षे लागली.

आमच्या घराण्यात मुले आईबापांसारखी दिसत नाहीत, आजीआजोबांसारखी दिसतात. थंडी पडून दिवस लहान झाले की मी पाण्यात धुळीहून बारीक बीजे सोडतो. ती जवळच चिकटतात आणि त्यांची लांब, मऊ, तपकिरी पाने होतात. ऊन वाढू लागले की पानेही आपली बीजे सोडतात आणि संपतात. त्या बीजांतून पुन्हा माझ्यासारखे डाग जन्मतात.

याला कारण खडकावरच्या समुद्री गोगलगायी. त्यांची जीभ किसणीसारखी असते. उन्हाळ्यात त्या मऊ पान बघता बघता फस्त करतात. माझ्या कडक अंगावर मात्र त्यांचे फारसे चालत नाही. थंडीत त्या गारठून कपारीत बसतात, तेव्हा पानांचे फावते.

ही पाने भाजीसाठी खुडायला एक आत्या येई. गुडघा दुखू लागल्यापासून तिने लांबचे खडक सोडले होते. माझा खडक तेवढा आवाक्यात उरला होता. तिची भाची किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत काम करी.

एका वर्षी थंडी उशिरा आणि थोडीच पडली. गोगलगायी चरत राहिल्या, आत्याची टोपली अर्धीही भरली नाही.

"पुढच्या वर्षी असंच झालं तर टोपली माळ्यावर टाकायची," ती म्हणाली. भाचीला ते लागले. थंडी सरताच ती तारेचा ब्रश आणि जाळी घेऊन आली.

"डाग कशाला घासतेस गं?"

"पानांना जागा नको का, आत्या? ही वेगळी जात आहे. पुस्तकात दोघांची नावंही वेगळी आहेत."

"डाग असतो तिथंच पानं येतात."

"योगायोग असेल."

"तीस वर्षांचा?"

भाची हसली आणि घासत राहिली. माझे अकरा शेजारी गेले. भरती आली म्हणून मी वाचलो. दुसऱ्या दिवशी तिने गोगलगायी वेचून दूर सोडल्या आणि खडकावर जाळी ठोकली.

महिनाभरात माझ्यावर हिरवे, बुळबुळीत शेवाळ चढले. ऊन दिसेना. आयुष्यभर ज्यांना वैरी समजलो, त्या गोगलगायीच माझे अंग स्वच्छ ठेवत होत्या, हे मला तेव्हा कळले.

थंडी आली, पण एकही पान उगवले नाही. आत्याने जाळीतून बोट घातले, बुळबुळीत झालेले बोट पदराला पुसले आणि रिकामी टोपली उचलली.

तेवढ्यात भाची काचेची बशी घेऊन आली. नवी पाने मिळावीत म्हणून मागच्या वर्षीच्या पानांची बीजे तिने त्या बशीत वाढवली होती. तळाशी काळे ठिपके धरले होते. ती बशी तिने माझ्याशेजारी टेकवली आणि ठिपके माझ्याशी ताडून पाहिले.

"आत्या, हे ठिपके पानांचेच आहेत. चुकलं माझं."

"आधी जाळी काढ. त्या बिचाऱ्या गोगलगायींनाही जेवू दे."

उन्हाळ्यात गोगलगायींनी शेवाळ खाऊन टाकले. पुढच्या थंडीत माझ्याभोवती नऊ पाने उगवली. घासलेली बाजू उघडीच होती. आत्याने पाने मोजली आणि एकही खुडले नाही.

"यांना बीज सोडू दे," ती म्हणाली.

"आणि टोपली?"

"दाराशीच आहे. थांबेन की मी."

मित्रांनो, एखादा डाग पुसण्याआधी निदान वर्षभर त्याच्याकडे बघा. माझी नातवंडे आता आली आहेत. घासलेल्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे सात काळे ठिपके दिसतात. इकडे आलात तर पाय जरा जपून ठेवा.