पोलिसांचे म्हणून विकायला ठेवलेले पिस्तूल

मित्रांनो, अमेरिकेतल्या नेब्रास्कात, बंदुकांच्या एका दुकानात काचेआड पडलेले मी जुने पोलादी पिस्तूल आहे. आज मी संतापले आहे. कोणी मला जुने म्हटले म्हणून नव्हे. माझी खोटी स्तुती केली म्हणून!

कारखान्यातून निघाले ते थेट व्हर्ना लिंडक्विस्ट या पोलीसबाईंच्या कमरेला लागले. त्यांनी मला पुसले, तेल दिले, जिवापाड जपले. माणसावर मात्र माझ्यातून एकदाही गोळी झाडावी लागली नाही, याचा मला अभिमान आहे. पुढे खात्यात हलकी, नवी पिस्तुले आली आणि आम्हा जुन्यांना बर्ट नावाच्या दुकानदाराने विकत घेतले. तोवर माझी स्प्रिंग थकली होती, गोळी आत अडकत होती. एका गिऱ्हाइकाने त्याच कारणासाठी मला परत आणून दिले. तरी बर्टने मला दुरुस्त केले नाही.

काल शाळेची बस चालवणारी डेलिया आली. सोडलेल्या नवऱ्याने दोनदा तिचे दार फोडले होते. कोर्टाची मनाईसुद्धा तो जुमानत नव्हता. पिस्तूल निवडायला मदत म्हणून सोबत व्हर्नाबाई होत्या, आता केस पिकलेल्या.

बर्टने मला पुढे केले. “हे घे, पोरी. पोलिसांचं आहे! असलं पोलाद आता मिळतं कुठे? नवी म्हणजे नुसती प्लॅस्टिकची खेळणी.”

मला ओरडावेसे वाटले. पण मला वाचा कुठली?

व्हर्नाबाईंनी मला ओळखले. मुठीवरून हळूच हात फिरवला. मग त्यांचा आवाज चढला. “हे माझंच. स्प्रिंग बदललीस का रे?”

“चालतंय की तसंच!”

“चालतंय? तो हिच्या दारात उभा राहील तेव्हा अडकलेली गोळी काढायला तू येणार आहेस?”

दुकानामागच्या मैदानात डेलियाने मला आणि दुकानातल्या एका नव्या पिस्तुलाला चालवून पाहिले. माझी दुसरीच गोळी अडकली. नव्याचे सगळे बार नीट सुटले.

मला खाली ठेवत ती म्हणाली, “तू गुणी असशील बाबा. पण मला आज घरी झोप लागायला हवी.”

ती नवे घेऊन गेली. तिने योग्य तेच केले. आणि बर्टने? मला पुन्हा काचेआड ठेवले, पुढे पाटी लावली : ‘पोलिसांचे, खात्रीचे’.

मित्रांनो, जुने घ्या की नवे, ते तुम्ही ठरवा. पण ज्याच्या भरवशावर कोणाचा जीव आहे, ते नीट राखा. राखले नसेल तर तसे तोंडावर सांगा. तेवढीही लाज उरली नसेल, तर मला भट्टीत टाका. पण दुसरी डेलिया दारातून आत येण्याआधी टाका!