चावीवाल्याच्या घरचा नळ

"अकरा... बारा..." ती पुटपुटत होती आणि रस्त्यातल्या पाण्याच्या व्हॉल्व्हची हातभर लांब लोखंडी चावी दोन्ही हातांनी रेटत होती. नवऱ्याचा खाकी कोट तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होता. तेरा. चौदा. रस्त्याखाली पाणी खळाळलं.

अकरा मिनिटांनी हेच पाणी तिच्या घरच्या नळाला पोचणार होतं.

तिचा नवरा चावीवाला. बावीस वर्षं त्यानं या वस्तीला पाणी सोडलं. मनगटात असा जोर, की त्यानं चावी फिरवली की पृथ्वी अर्धा फेरा मागे यायची, असं लोक सांगत. लोकांना वाढवून सांगायची खोडच असते. पाव फेरा यायची. वेळेचा इतका पक्का, की कोंबडे आधी नळाकडे बघायचे आणि मग आरवायचे. आणि गप्पिष्ट म्हणाल, तर न्हाव्याकडून निघालेला माणूस त्याच्याशी बोलायला थांबला, की घरी पोचेपर्यंत पुन्हा दाढीला आलेला असे.

असा माणूस दीड महिन्यापूर्वी बोलता बोलता थांबला. आधी हसणं गेलं, मग जेवण, मग झोप. नऊ दिवसांपूर्वी भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच. नोकरी जाऊ नये म्हणून पहाटे त्याचा कोट चढवून ती त्याचं काम उरकून यायची. मुकादमाला पत्ता नव्हता.

घरचा नळ उघडा ठेवायची युक्ती वन्संची. ही थोरली नणंद शेजारच्याच घरात राहायची आणि तिला औषध एकच ठाऊक होतं, टोमणा. "लाड पुरे झाले त्याचे. नळ उघडा ठेवून जात जा, खाली बादली. घरात पाणी व्हायला लागलं की उठेल झक मारत."

डॉक्टरीणबाईंनी नेमकं उलट सांगितलं होतं. "हा आळस नाही, आजार आहे. नैराश्य म्हणतात त्याला. गोळ्या लागू पडायला दोन-तीन आठवडे जातील. तोवर टोचून बोलू नका. आणि त्यांना एकटं सोडू नका." शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी डोळ्याला डोळा भिडवला होता. का, ते तिला विचारावं लागलं नाही.

तरी तिनं नळ उघडा ठेवला. वन्संचं थोडं खरंही वाटलं होतं तिला, खोटं कशाला बोला. पण दुसरंही एक होतं. परत येताना उंबरा कोरडा दिसला, म्हणजे तो उठला, त्यानं नळ बंद केला. म्हणजे आहे. आठ दिवस ती उंबऱ्यावर नजर ठेवून गल्लीत शिरली. आठही दिवस उंबरा कोरडा होता.

आज कोपऱ्यावर शिंपीणकाकूंनी अडवलं.

"चावीवाले कुठायत गं? काल पाइप असा धडधडला, आमचे हे पलंगाखाली जाऊन बसले."

"पाहुण्यांकडे गेलेत."

"कोट न घालता?"

ती कशीबशी निसटली, गल्लीत वळली, आणि पाणी समोरून तिच्याकडे चालत आलं. पातळ, स्वच्छ. अजिबात घाई नसलेलं.

घर चाळीस पावलांवर होतं. त्या सकाळी ते चार कोस लांब गेलं. चावी कुठंतरी पडली, एक चप्पल सुटली. मनात एक चित्र येत होतं. ती ते पुसत होती, ते पुन्हा उमटत होतं. तिनं दार ढकललं.

तो भरून वाहणाऱ्या बादलीशेजारी पाण्यात बसला होता. हात नळावर.

"फिरत नाही गं," तो म्हणाला.

"नळ बिघडला?"

"नळ नाही. मी." त्यानं नळावरचा हात काढला. "आठ दिवस फिरवला. उंबऱ्यापाशी तुझी पावलं थांबतात, ऐकू येतं मला. दिवसभरात तेवढंच जमायचं. आज तेवढंही उरलं नाही."

तिला वाटत होतं, पाण्याच्या धाकानं तो उठतो. तो उठत होता ती घाबरू नये म्हणून.

तिनं नळाला हात लावला. एका बोटानं बंद झाला. आता तिला जास्तच भीती वाटली. ती तशीच त्याच्याशेजारी पाण्यात बसली.

चावीवाल्याच्याच घरातून पाणी वाहतंय म्हटल्यावर मुकादम यायला कितीसा वेळ लागणार? त्याच्या मागोमाग वन्सं आल्या.

"ताप आलाय त्याला," वन्संनी घाईनं सांगून टाकलं.

"ताप नाही," ती म्हणाली.

वन्संनी तिला चिमटा काढला. "गप. लोक वेडा म्हणतील."

"म्हणू देत." ती मुकादमाकडे वळली. "नैराश्याचा आजार आहे त्यांना. गोळ्या चालू आहेत. नऊ दिवस पाणी मीच सोडतेय. कामावरून काढायचं तर आत्ताच सांगा, उगाच टांगून ठेवू नका."

मुकादमानं तिच्या अंगावरच्या कोटाकडे पाहिलं. मग पाण्यात बसलेल्या माणसाकडे.

"तरीच पाइप बोंबलतोय. चौदाच्या चौदा फेरे एका दमात फिरवता वहिनी? चार फिरवले की थांबायचं. आतली हवा निघू द्यायची, मग पुढचे. नाहीतर फुटेल ना." तो दाराकडे वळला. "डॉक्टरांची चिठ्ठी पाठवा. रजेच्या फॉर्मात 'आजार' एवढाच रकाना आहे. कुठं झालाय, ते विचारलेलं नाही."

वन्संनी फडकं घेतलं आणि त्या पाणी पुसायला बसल्या. टोमणा सुचला नसावा.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळ बंद होता, बादली पालथी. ती गोळी आणि पेला घेऊन त्याच्या उशाशी बसली होती. भिंतीतला पाइप धडधडला.

"नवा आहे कोणी," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "घाई करतोय."

चादरीवर त्याची बोटं हळूच फिरायला लागली. ती मोजू लागली. एक. दोन. तीन. चौथ्याला बोटं थांबली.

चारनंतर थांबायचं असतं, हे तिला आता ठाऊक होतं. किती वेळ, ते विचारायचं राहिलं होतं.