सरांनी हात फिरवला

मी एक जुना डबा आहे. पत्र्याचा, बिनझाकणाचा आणि आतून इतका घाण की माझी मलाच शिसारी येते. मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडलेत तरी मी रागावणार नाही. जी माणसे नाक मुरडत नाहीत, त्यांचाच मला जास्त राग आहे.

एके काळी मी लखलखीत होतो. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या पोटात दुधाची पावडर होती आणि पोटावर एका गुटगुटीत बाळाचे चित्र. पावडर संपली, झाकण हरवले आणि कुणीतरी मला या चित्रकलेच्या वर्गात आणून सोडले. वाचनालयाच्या मागची ही लांबट खोली. आठवड्यातून तीन संध्याकाळी इथे मोठी माणसे चित्रे काढायला शिकतात. दिवसभर कामाने दमलेली माणसे इथे येऊन तासभर रंगांत बसतात, याचा सुरुवातीला मला फार अभिमान वाटायचा. माझे काम साधे. पोटात पाणी धरायचे आणि त्यांचे ब्रश धुऊन द्यायचे. "डबा कुठंय? डबा आणा!" असे कुणी म्हणाले की मी फुलून जायचो.

हळूहळू ते फुलणे ओसरले. पाणी कुणी बदलायचे, याबाबत इथे बारभाई कारभार आहे. वर्गातले दातांचे डॉक्टर दिवसभर लोकांना चुळा भरायला लावतात, पण मला एकदा विसळावे असे त्यांच्या मनात येत नाही. पाण्यावर साय धरते, तळाशी चिखल बसतो. एका सुट्टीत तर माझ्यात पाल मरून पडली होती आणि वर्ग सुरू झाल्यावर पहिला ब्रश तिच्याच अंगाला लागला. शी! बाळाचाही आता एकच डोळा उरला आहे, आणि त्या डोळ्याने मला हे सगळे पाहावे लागते.

तरी खरे सांगू? त्या पालीपेक्षा मला सरांच्या ब्रशाची किळस जास्त.

सर म्हणजे इथले शिक्षक. बोलायला गोड. पण कुणाचे चित्र जरा रंगू लागले की ते मागे येऊन उभे राहतात आणि म्हणतात, "जरा हात फिरवू?" विचारतात आपले नावाला. उत्तराच्या आधीच त्यांचा ब्रश माझ्यात बुचकळलेला असतो. मग शिकणारा अदबीने बाजूला उभा राहतो आणि सर त्याच्या खुर्चीत बसतात. नंतर तोच शेजारच्याला कौतुकाने सांगतो, "आज सरांनी हात फिरवला!" वर्षअखेरच्या प्रदर्शनात भिंतीवर वीस चित्रे लागतात. खाली नावे वीस, वर आभाळ एकच, सरांचे. आणि लोक टाळ्या वाजवतात.

या वर्षी वर्गात शिंपीणकाकू आल्या. साठीच्या, शाळेचे गणवेश शिवण्यात आयुष्य गेलेल्या. त्यांना एकच चित्र काढायचे होते, आईच्या हातांचे. आईसुद्धा शिंपीणच. घरात तिचा एक फोटो आहे म्हणे, पण त्यात चेहरा तेवढा आहे, हात नाहीत. ते हात आठवणाऱ्या दोघीच उरल्या होत्या, काकू आणि त्यांची थोरली बहीण. चार महिने काकू पातळ जलरंगात ते हात काढत होत्या. उजव्या हाताची तर्जनी त्यांनी वाकडी काढली, टोकाशी आत वळलेली. जन्मभर जड कात्री चालवून आईचे बोट तसे झाले होते. ते बोट जमले त्या दिवशी काकूंनी ब्रश माझ्यात बुडवला आणि बाहेर काढायचाच विसरल्या. चित्राकडे बघत बसल्या.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सर त्यांच्या मागे येऊन उभे राहिले.

"काकू, बाकी सगळं छान, पण बोट वाकडं आलंय तुमचं. जरा हात फिरवू?"

"अहो सर, ते..." एवढेच काकू म्हणाल्या.

सरांनी माझ्या घाणेरड्या पाण्यात ब्रश बुचकळला, जाड पोस्टर रंग घेतला आणि बोट सरळ करून टाकले. सुबक, गुळगुळीत, कुणाचेही असू शकेल असे बोट. डॉक्टर म्हणाले, "वा! याला म्हणतात हात!" आणि काकू काय म्हणाल्या ठाऊक आहे? "थँक्यू, सर." त्या क्षणी मला काकूंचीही चीड आली. स्वतःची किळस तर आलीच, कारण पाणी माझे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी चित्रे टांगायला काकू आपल्या ताईला घेऊन आल्या. ताईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"कुणाचे गं हे हात?"

"आईचे."

"आईचं बोट असं कुठं होतं?"

"सरांनी हात फिरवला."

"मग पाठीवरून फिरवावा की," ताई म्हणाल्या. "आईच्या बोटावरून कशाला?"

काकूंनी मला उचलले, नळाखाली नेले आणि घासायला लागल्या. साबणाने, काथ्याने, शेवटी नखांनी. तीनदा पाणी बदलले. कितीतरी वर्षांनी मला माझा तळ दिसला, मित्रांनो! स्वच्छ पाणी भरून त्या सरांचा जाड रंग ओला करू लागल्या आणि चिंधीने अलगद टिपू लागल्या. चुकलेली शिवण कापड न फाडता कशी उसवायची, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते.

सर दारातूनच ओरडले, "अहो काकू, बिघडेल ना सगळं!"

"ते बोट बिघडलेलंच होतं, सर," काकू मान वर न करता म्हणाल्या. "कात्रीनं. चाळीस वर्षं."

"ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं," सर पुटपुटले आणि ते चित्र त्यांनी दाराआड टांगायला लावले. वाकडे बोट परत आले, पण अगदी पहिल्यासारखे नाही. त्याच्या शेजारी सरळ बोटाचा फिकट डाग राहिला तो राहिलाच. ताई मात्र दाराआड खुर्ची ओढून बसल्या. "हं, आता आहे आई," म्हणाल्या आणि काकूंच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

याला आठ दिवस झाले. माझे पाणी पुन्हा काळे झाले आहे, वर साय धरू लागली आहे. काल सर एका नव्या बाईंच्या मागे जाऊन उभे होते. मित्रांनो, मला हात नाहीत, नाहीतर तुमच्यापुढे जोडले असते. दुसऱ्याच्या चित्रावर हात फिरवायची हुक्की आली, तर आधी विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. तरीही हात शिवशिवत असतील, तर मी इथेच आहे, नळाशेजारी. माझ्यावर फिरवा. आतून, तळापर्यंत.