प्रतिस्पर्ध्यावर बसायचं नाही

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी शाळेच्या क्रीडागृहाचं मागचं दार उघडलं आणि एक मुलगी चेंडू घेऊन आत आली. सुट्टीतला तो पहिला सोमवार होता. तिने भिंतीला टेकवलेली एक खुर्ची उचलली, रिंगपासून सात पावलं मोजली आणि खडूने काढलेल्या फुलीवर ठेवली. ती खुर्ची म्हणजे मी.

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे. पण माझ्यावर कोणी बसत नाही.

माझा जन्म वेल्डिंगच्या एका दुकानात झाला. एकाच दिवशी आम्ही चाळीस जणी तयार झालो. लोखंडी नळ्यांचे पाय, प्लायवूडची बैठक, पाठीला दोन आडव्या पट्ट्या. परीक्षेच्या हॉलमध्ये मी नऊ वर्षं काढली. मग गणिताच्या एका पेपरात माझ्या मागच्या पायाचा जोड ढिला झाला. विद्यार्थी खाली, उत्तरपत्रिका त्याच्या अंगावर आणि सगळा वर्ग खो खो हसतोय. पेपर संपायच्या आत मला बाहेर काढलं गेलं. पुढची तीन वर्षं मी अडगळीच्या खोलीत होते, फाटक्या जाळ्या आणि हवा गेलेल्या चेंडूंच्या शेजारी.

तिथून मला शोधून काढलं ते बास्केटबॉल शिकवणाऱ्या बाईंनी.

"बाई, ही मोडकी आहे. बसाल तर पडाल," शिपाई म्हणाला.

"मला कुठे बसायचंय? ही नुसती उभी राहिली तरी पुष्कळ."

माझ्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा ओढला गेला. बाईंचा नियम असा होता: लाल पट्ट्याची खुर्ची म्हणजे समोरच्या संघाची खेळाडू. चेंडू आपटत यायचं आणि तिला चुकवून रिंगकडे जायचं. कितीही दमलात तरी प्रतिस्पर्ध्यावर बसायचं नाही. "हिच्याकडून एक गोष्ट शिका," बाई मुलींना म्हणाल्या, "ही कधी दमत नाही, आणि फाऊल तर मुळीच करत नाही." मुली हसल्या. माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक ते.

त्या सोमवारी आलेल्या मुलीला सगळ्या 'उजवी' म्हणत. कारण साधं होतं. ती नेहमी उजव्या बाजूनेच जायची. आदल्या वर्षीच्या निवड चाचणीत समोरच्या मुली नुसत्या तिच्या उजवीकडे उभ्या राहिल्या आणि तिचा खेळ संपला. बारा जणींच्या यादीत तिचं नाव आलं नाही. शाळेतलं हे तिचं शेवटचं वर्ष. यंदा राहिलं तर कायमचंच राहिलं.

"बाई, मला यंदा यादीत यायचंय," ती म्हणाली होती.

"मग येताना डावा हात घेऊन ये. नुसता उजवा आणलास तर गेल्या वर्षीसारखंच होईल."

म्हणून ती सुट्टीभर येत राहिली. उजवा हात पाठीमागे कमरेच्या पट्ट्यात खोचायचा. डाव्या हाताने चेंडू आपटत माझ्यापर्यंत यायचं, मला डावीकडून ओलांडायचं, दोन पावलं टाकायची आणि चेंडू रिंगमध्ये सोडायचा. रोज दोनशे वेळा. पहिल्या दिवशी दोनशेपैकी नऊ चेंडू आत गेले. एकतीस वेळा चेंडू माझ्यावर आदळला. ती दात डाव्या हाताने घासायला लागली, घराचं कुलूप डाव्या हाताने उघडायला लागली. "आई म्हणते, पाहुण्यांसमोर तरी नीट जेव," असं ती एकदा बाईंना सांगत होती.

सहाव्या आठवड्यात आकडा एकशे एकेचाळीसवर गेला. त्या सकाळी चेंडू माझ्या पट्ट्याला वारा लागेल इतक्या जवळून गेला आणि ती चेंडूकडे बघतही नव्हती. मी थक्क झाले. नऊ वर्षं मी मुलांना पेपर लिहिताना पाहिलं होतं. पण एखादी गोष्ट अशी थेंबाथेंबाने हातात उतरताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

आठव्या आठवड्यात शाळेच्या माजी खेळाडू सरावासाठी आल्या. उजवी डाव्या हाताने झोकात निघाली आणि बरोबर खडूच्या फुलीपाशी वळली. समोरची मुलगी एक पाऊल मागे थांबली होती. तिने हात पुढे केला आणि चेंडू काढून घेतला. असं तीनदा झालं.

"खुर्चीला हरवायला शिकलीस तू," बाई शांतपणे म्हणाल्या. "माणसं एका जागी उभी राहत नाहीत."

मित्रांनो, मला फार अपराधी वाटलं. सात आठवडे मी तिला वाट दिली होती आणि ती वाट खोटी निघाली. पण मी तरी काय करणार? मला हलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी क्रीडागृह झाडणाऱ्या मावशी लवकर आल्या. उजवी चेंडू मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती.

"काय गं, तोंड का पाडलंयस?"

"मावशी, खुर्ची हलत नाही."

"एवढंच ना?" मावशींनी लांब दांड्याचा झाडू उचलला आणि त्या सरळ माझ्यावर बसल्या.

"मावशी, उठा! प्रतिस्पर्ध्यावर बसायचं नाही, बाई रागावतील!"

"मी बसले कुठे? मी तिचं डोकं आहे. चल, ये!"

मावशी डावीकडे कलल्या आणि माझा ढिला पाय कुरकुरला. मीही त्यांच्याबरोबर डावीकडे झुकले. मग उजवीकडे. ज्या पायामुळे मला हॉलबाहेर काढलं होतं, त्याच पायावर मी हलत होते! वर झाडू नाचत होता. उजवी गोंधळली, तिने दोनदा झाडूचा मार खाल्ला.

"अगं, झाडूकडे काय बघतेस? माझं बूड कुठे वळतं ते बघ! हात काय, कुठेही नाचतो."

बाई दारात उभ्या राहून सगळं पाहत होत्या. मला वाटलं, आता ओरडणार. त्या एवढंच म्हणाल्या, "मावशी, उद्यापासून दहा मिनिटं लवकर या."

जाताना मावशींनी माझ्या ढिल्या पायाला तारेचे चार वेढे दिले. निघून पडू नये इतके घट्ट आणि हलता येईल इतके सैल. इतक्या वर्षांत त्या पायाकडे कोणी वाकून पाहिलं नव्हतं. मित्रांनो, तुमच्या शाळेच्या अडगळीत माझ्यासारखी कोणी असेल तर तिला भंगारात द्यायच्या आधी एकदा वाकून बघा. एवढंच मागणं आहे.

आज दुपारी दोन वाजता निवड चाचणी सुरू झाली. गर्दी नको म्हणून मला बाहेर, सूचना फलकाखाली ठेवलं. दार बंद होतं, पण तिच्या चेंडूचा आवाज मी ओळखते. ती चार वेळा डावीकडून गेली. दोनदा जाळी वाजली, एकदा शिट्टी आणि एकदा नुसती रिंग.

चार वाजून वीस मिनिटांनी मुली बाहेर आल्या. उजवीने फलक पाहिला, तो रिकामा होता. ती वळली आणि माझ्यावर बसली. अकरा आठवड्यांत पहिल्यांदा.

बाई यादीचा कागद घेऊन कार्यालयाकडे निघाल्या होत्या. त्या थबकल्या. नियम त्यांचाच होता.

"मागच्या पायावर जोर देऊ नकोस तिच्या," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

उजवीने पुढे सरकून वजन सावरलं. पाण्याच्या बाटलीचं झाकण तिने डाव्या हाताने उघडलं, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

आता चार वाजून पस्तीस मिनिटं झाली आहेत. फलकावर चार टाचण्या आहेत. कागद अजून लागलेला नाही.