कोपरं मातीत रोवून

मी हेल्मेट बोलतंय. हॉकीच्या गोलरक्षकाचं. जरा जवळ येऊन ऐका. जन्मभर दणके खाल्ले, तरी दर दणक्याला दचकायची माझी सवय काही गेली नाही.

दुकानात मला टिचकी मारून एका आईनं विचारलं होतं, "टिकेल ना हो?" दुकानदार म्हणाला, "हे फुटलं तरी डोकं टिकेल." त्या दिवसापासून मी तिच्या धाकट्याच्या डोक्यावर. सामना संपला की तो मला घामट मोज्यांबरोबर बॅगेत कोंबायचा. मी कधी कुरकुर केली नाही. बरं, थोडी केली.

मग ती संध्याकाळ. चेंडू अडवायला तो झेपावला आणि मी थेट खांबावर आदळलं. माझ्या कपाळाला तडा गेला. तो उताणा पडला. पोरं धावली. एकानं बखोटीला धरलं, दुसऱ्यानं माझा पट्टा. सर म्हणाले, तोंडावर पाणी मारा, उठेल.

"हात लावू नका कुणी."

ही त्याची ताई. संघाची प्रथमोपचारवाली, प्रशिक्षण नुकतंच संपलेलं, दार आपटलं तरी दचकणारी. तिनं आधी त्याचा श्वास पाहिला, सरांना रुग्णवाहिका बोलवायला लावली आणि त्याच्या डोक्याशी पालथी पडून मला दोन्ही हातांनी धरलं. हात लटलटत होते. ही थरथर माझ्यातून त्याच्या मानेत उतरली तर? तेवढ्यात तिनं कोपरं मातीत रोवली. थरथर मातीत जिरली.

मान दुखते का, तिनं विचारलं. तो मान डोलावणार, इतक्यात ती म्हणाली, "तोंडानं सांग, गाढवा."

"हो. बोटांना मुंग्या आल्यात."

एवढ्यात आई पोचली, एकाच पायात चप्पल. तिला त्याचं डोकं मांडीवर घ्यायचं होतं. ते हेल्मेट आधी काढा, जीव गुदमरतोय त्याचा, म्हणाली. ताई नको म्हणाली, तशी ती तडकली, "मी आई आहे त्याची. तू मला शिकवणार?"

त्या आवाजाकडे तो वळू लागला. ताईनं मला घट्ट आवळलं.

"आई, तो तुला शोधतोय गं. त्याच्यासमोर वाक. तू दिसलीस की मान वळवणार नाही."

आई थबकली. मग वाकली. रुग्णवाहिका येईपर्यंत तशीच वाकून बोलत राहिली: दाराला कडी घातली की नाही, मावशीचा फोन आला होता, असलं काहीबाही.

इस्पितळात दोघा डॉक्टरांनी मिळून मला अलगद काढलं. मानेच्या हाडाला चीर गेली होती, पण ते सरकलं नव्हतं. आज तो स्वतःच्या पायांनी चालतो. आईनं ताईला शाबासकी दिली नाही. तिच्या खरचटलेल्या कोपरांना गुपचूप मलम लावलं.

मी आता मैदानातून बाद. संघाच्या खोलीत फळीवर असतं, ताई मला दाखवून नव्या पोरांना शिकवते. तुम्हालाही सांगतं: कुणी असं पडलं, तर मला ओढू नका, त्याला उठवू नका. मायेनंसुद्धा नको. पडलेल्याचा मान राखता ना, त्याची मानही राखा.

कळलं? डोलावू नका. तोंडानं सांगा.