खाऊची अक्षरं

निवृत्तीनंतर मी पुठ्ठा कात्रीने कापून अक्षरे बनवली, त्यांवरून संगणकासाठी एक फॉन्ट तयार केला आणि त्याचे नाव ‘लुडबुड’ ठेवले. त्याची शिरोरेषा डुगडुगते, काने कमी-जास्त उंचीचे आहेत, आणि वेलांटी घसरलेल्या टोपीसारखी एका बाजूला येते. हा गबाळेपणा साधायला मला चौदा महिने मोजमापे घ्यावी लागली.

“जन्मभर यंत्रांचे नकाशे सरळ काढलेत,” सून हसली होती, “आता वाकडं काढायलाही पट्टीच लागते का, बाबा?”

नमुनापुस्तिकेत मी स्पष्ट लिहिले होते: खेळणी, खाऊचे डबे, वाढदिवसाची पत्रके यांसाठी उत्तम, औषधे व धोक्याच्या सूचना यांसाठी वापरू नये.

तरीही चाचणी पुरी व्हावी म्हणून मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना लुडबुडच्या चिठ्ठ्या लावल्या. बिस्किटे, शेंगदाणे, साखर. अवघड जोडाक्षरे तेवढी राहिली होती. म्हणून सिंकची नळी साफ करण्याच्या बाटलीवर ‘तीव्र आम्ल’ चिकटवले. त्यातला ‘व्र’ फार देखणा उतरला होता.

मंगळवारी अकराच्या सुमारास सून ओरडली, “बाबा, सिंकखालची बाटली कुठंय?”

“तिथंच असेल.”

“नाहीये! आणि टिकलीही दिसत नाहीये.”

टिकली म्हणजे माझी चार वर्षांची नात. तिला अजून वाचता येत नाही. चिठ्ठी लावताना बाटलीचे टोपण मी काढले होते. ते घट्ट बसवल्याचे काही केल्या आठवेना.

न्हाणीघर, पलंगाखाली, कपाटामागे, असा मी क्रमाने शोधत गेलो. क्रम सोडला असता तर तिथेच कोसळलो असतो.

“अहो बाबा, हाका तरी मारा!”

मी दाराआड वाकून पाहिले.

ती माझ्याच कामाच्या टेबलाखाली सापडली. मांडीवर बाहुली, बाहुलीच्या तोंडाशी बाटली. कापडी ओठांचा लाल रंग पांढरा पडत होता. फरशीवर फेस आला होता.

सुनेने बाटली हिसकावली, टिकलीला उचलून नळाखाली धरले. “तू प्यायलीस? खरं सांग, प्यायलीस?”

“नाही. आधी बाहुली, मग माझी पाळी.”

“अगं, पण ही कशाला घेतलीस?”

“आजोबांची खाऊची अक्षरं आहेत ना तिच्यावर!”

डॉक्टरांनी जीभ, घसा, बोटे तपासून घरी पाठवले तेव्हा दुपार झाली होती. मी सगळ्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या. मग बाटलीवर काळ्या शाईने ‘विष’ लिहायला घेतले. सरळ, ठळक, शाळेच्या फळ्यावर असते तसे. पण हाताची थरथर थांबत नव्हती. शिरोरेषा डुगडुगली. वेलांटी घसरली.

टिकली मागे उभी होती.

“आजोबा, ह्यात पण खाऊ?”

मी बाटली सुनेपुढे केली. “ही आत्ताच्या आत्ता घराबाहेर ने. आणि टोपण तू बघ. माझा माझ्यावर भरवसा नाही.”